नाब्लुस: साबणाचं, कुनाफ्याचं आणि दोन डोंगरांमधलं शहर

वेस्ट बँकेत, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात जाणारे बहुतेक जण बेथलेहेम पाहून जेरुसलेमला परततात. नाब्लुस राहून जातं. मला विचाराल तर उलट करा: बेथलेहेमला अर्धा दिवस पुरे, नाब्लुसला मुक्काम टाका.

उत्तरेला एबाल, दक्षिणेला गेरिझिम आणि मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात शहर. इ.स. 72 मध्ये रोमन सम्राट व्हेस्पासियनने वसवलेल्या 'फ्लाविया निआपोलिस'चं अरबी जिभेवर नाब्लुस झालं. त्याहून जुनं, बायबलमधलं शेकेम शहर जवळच, आजच्या बलाता भागात उकरून काढलंय. तिथेच बायबलमधल्याच याकोबाची विहीर आहे, ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात. दुपारी बंद असते, सकाळीच उरकून घ्या.

जुन्या शहरात मात्र घाई नको. दगडी कमानी, मसाल्यांची दुकानं, 1906 चा उस्मानी घड्याळ-मनोरा हे दिसतंच. पण या गावाचा खरा कणा म्हणजे साबण. ऑलिव्ह तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा, एवढंच साहित्य (पूर्वी कॉस्टिकऐवजी रानझुडपांची राख आणि चुना असे). खाली कढईत दिवसचे दिवस शिजवायचं, मग वरच्या मजल्यावर सगळ्या जमिनीवर ओतायचं. थिजलं की रंगात बुडवलेल्या दोरीने रेघा मारतात, कारागीर दोन्ही हातांनी शिक्के ठोकत जातात, टक टक टक टक, आणि वड्या कापल्या जातात. त्या उतरंडीसारख्या उंच, आतून पोकळ रचून वाळवतात. हवा खेळावी म्हणून मध्ये फटी. एकेकाळी तिसेक कारखाने होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 2002 च्या इस्रायली लष्करी कारवाईत जुन्या शहरातले काही कारखानेही जमीनदोस्त झाले. 2024 मध्ये या कलेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. कारखान्यात जायचं तर सकाळी, आणि आधी विचारून.

कुनाफा म्हणजे इथली चीजची मिठाई, आणि ती खायची गरमच. खाऱ्या पाण्यात मुरवलेलं चीज खारटपणा जाईपर्यंत भिजवतात. त्यावर केशरी रंगाचा कुरकुरीत थर, वरून पाक आणि पिस्ता. परातीएवढ्या थाळ्यांतून कापून देतात. गर्दीच्या दुकानात उभ्यानेच खा. थाळी सारखी रिकामी होत असल्याने तिथे शिळा मिळत नाही.

गेरिझिमवर शोमरोनी (समॅरिटन) लोकांची वस्ती आहे, ज्यूंच्या जवळचा पण वेगळा, प्राचीन धर्मसमुदाय. जगात उरलेत जेमतेम आठ-नऊशे, काही इथे, बाकीचे तेल अवीवजवळ होलोनला. त्यांच्या लेखी पवित्र डोंगर हाच, जेरुसलेम नव्हे. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा वर जाऊन उपयोग नाही. शुक्रवारी खालचा बाजार थंड असतो. म्हणून रविवार ते गुरुवार गाठा.

वेस्ट बँकेतल्याच रामल्लाह शहरातून पिवळी 'सर्वीस', म्हणजे सामायिक टॅक्सी मिळते. माणसं भरली की सुटते, अंतर पन्नासेक किलोमीटर. रस्ता सुरळीत असेल तर तासाभराचा, पण 'असेल तर' यावरच सगळं आहे. आम्ही गेलो ते ऑक्टोबर 2023 च्या, म्हणजे गाझा युद्ध सुरू होण्याच्या आधी. त्यानंतर इस्रायली लष्कराचे तपासणी नाके आणि रस्त्यांवरची लोखंडी फाटकं खूप वाढली आहेत, शहरात लष्कराच्या धाडीही पडतात. म्हणून परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहा, तिकडे ओळखीचं कोणी असेल तर आदल्या रात्री विचारा, आणि परतीच्या विमानाच्या दिवशी नाब्लुस ठेवूच नका. जॉर्डनच्या पुलावरून आलात तरी तपासणी इस्रायलचीच, तेव्हा व्हिसा आधी काढा. पासपोर्ट अंगावर ठेवा, सुटे शेकेल (इस्रायली चलन) जवळ असू द्या. नाक्यावर फोटो काढू नका.