लाल दोऱ्याच्या गाठी

मंगळवार, रात्री साडेदहा

ओपीडी संपायला आज अडीच वाजले. घरी आले, जेवले, पण पंचवटीच्या त्या आजी काही डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून लिहायला बसले.

सत्तरी पार केलेल्या बाई, देवळाबाहेर सकाळी हार-गजरे घेऊन बसतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं, जुन्या वाड्यातली खोली, संडास चौकाच्या पलीकडे, मध्ये दोन दगडी पायऱ्या, आणि त्यात आता थंडी पडलीये. एकदा पाय घसरला होता, नशीब हाड मोडलं नाही. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे लघवीची पिशवी शांत करायची गोळी दिली, तिने तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना आणि ठेवलेली वस्तू आठवेना. गोळ्यांची रिकामी पट्टी त्यांनी जपून आणली होती, ऑक्सिब्युटिनिन. हे औषध मेंदूपर्यंत पोचतं, म्हाताऱ्या माणसाला देताना दहादा विचार करायला हवा. २०१२ पासून अमेरिकेत याच कामाचं मिराबेग्रॉन मिळायला लागलं, ते वेगळ्या पद्धतीने काम करतं, स्मरणशक्तीला त्याचा तसा त्रास नाही, मात्र बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. पण आजींचा प्रश्न मुळात पिशवीचा होता का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

लघवीच्या तक्रारींवर आमचा अभ्यास चालू आहे, त्यात प्रत्येक पेशंटला तीन दिवसांचा तक्ता देतो. किती वाजता गेलात, किती झाली, काय प्यायलात, इतकंच. सोबत प्लास्टिकचं माप, त्यावर मी शंभर-शंभर मिलीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. आजींना लिहिता येत नाही, सुनेला सांगायची लाज वाटते. मी म्हटलं आजी, काहीतरी खूण करून ठेवा. तर आज त्यांनी पदराच्या गाठीतून दोन दोरे काढले, हार ओवायचेच, एक पांढरा एक लाल. पांढरा दिवसाचा, लाल रात्रीचा, मापाच्या एका पट्टीला एक गाठ!

मी टेबलावर दोरे सरळ केले आणि नखाने एकेक गाठ मोजली. पांढऱ्यावर २१, लालवर १९. म्हणजे तीन दिवसांची मिळून चार लिटर, त्यातली जवळजवळ निम्मी रात्रीची. वयस्कर माणसात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला की आम्ही म्हणतो रात्री लघवी तयारच जास्त होतेय. पिशवी बिचारी आलेलं साठवते आणि भरली की उठवते, तिला औषध देऊन काय होणार होतं?

मग पाय बघितले. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. दिवसभर मांडी घालून नाहीतर पाय सोडून बसायचं, पाणी पायात उतरतं, रात्री आडवं झालं की तेच रक्तात परत येतं आणि किडनी ते बाहेर काढते. वयाबरोबर रात्री लघवी कमी ठेवणारं हॉर्मोनही कमी पडतं ते वेगळंच. आणि बीपीसाठी पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी, चालू, ती कधी घेता विचारलं तर आजी खाली बघून म्हणाल्या, "डॉक्टरांनी सकाळी सांगितलीये, पण पोरी, हारांपाशी बसल्यावर जाऊ कुठं मी? म्हणून रात्री जेवल्यावर घेते."

मला क्षणभर बोलताच येईना.

म्हणजे बाईमाणसाला बसल्या जागी जायला सोय नाही म्हणून गोळी रात्रीवर गेली, गोळी रात्रीवर गेली म्हणून झोप गेली, झोप नाही म्हणून चक्कर, आणि त्या अंधारातल्या पायऱ्या. वर सकाळी निघताना चहासुद्धा घेत नाहीत, दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही. असं किती जणींचं असेल, खेड्यातून एसटीने येणाऱ्या बायका तर घरून निघाल्यापासून घसा कोरडा ठेवून येतात. आणि आपण विचारलं नाही तर सांगत नाहीत, "वय झालं" म्हणतात, कारण त्यांना तेच ऐकवलेलं असतं. मला हे ऐकलं की फार राग येतो, आजींवर नाही, आपल्यावर.

त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. ऐकून घेतलं त्यांनी, गोळी दुपारी दोनला घ्यायची ठरली, आजी तेव्हा घरी असतात आणि गोळीचा जोर साधारण सहा तासांत ओसरतो, म्हणजे झोपेच्या आधी मोकळं. जेवण झालं की पाय उशीवर ठेवून तासभर पडायचं. सूज का येतेय त्यासाठी हृदयाची आणि किडनीची तपासणी लिहून दिली, सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत फारसं काही उरलेलं नव्हतं, तेवढी काळजी मिटली. सकाळी चहा घ्यायचाच असंही बजावलं.

फॉर्मवर आकडे भरले, पण दोरे टाकवेनात. चिकटपट्टीने फाइलच्या आतल्या बाजूला लावून ठेवलेत. जाताना आजींनी विचारलं, "लाल दोरा आता आखूड घेऊ का गं?" मी म्हटलं, घ्या तेवढाच, गाठी कमी पडल्या तर उरू द्या.

दोन आठवड्यांनी येणारेत.