झाकपाक

रात्रीची जेवणं झाली की आमच्याकडे झाकपाक सुरू होते. वाटीभर आमटी, दोन डाव भात, भेंडीच्या चार फोडी. काय कशात काढायचं? सासूबाई पातेल्याकडे एकदा बघतात आणि मांडणीवरून नेमकं भांडं उचलतात. भाजी त्यात अशी बसते की वर जेमतेम झाकणापुरती जागा. नवऱ्याला हे काम सांगावं, तर चार फोडी श्रीखंडाच्या किलोच्या डब्यात जातात आणि आमटी थेट कुकरच्या भांड्यासकट फ्रीजमध्ये.

सासूबाईंची ही सवय जागा वाचवण्यापुरती आहे, असं घरात सगळे धरून चालतात. पण खोल पातेल्यात दाबून बसलेला भात मधोमध बराच वेळ कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान जंतूंना फार मानवतं. तोच भात ताटात पसरला की पटकन निवतो. गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवू नये हे सगळ्यांना पाठ असतं. ते निवल्यावर आठवणीने आत ठेवायचं असतं, हे मात्र मालिकेच्या नादात राहून जातं. वाफ गेली की, फार तर दोन तासांत, भांडं आत जायला हवं. नागपुरातल्या मे महिन्यात तासाभरातच.

सकाळी मग नाकाची परीक्षा. ‘वास घेऊन बघ गं जरा!’ डब्याचं झाकण उघडून घरातल्या तिघांच्या नाकाखालून फिरवायचं आणि बहुमताने निकाल द्यायचा. आंबलेलं वरण लगेच कबूल होतं, ओल्या नारळाच्या आमटीला तार सुटलेली दिसते. भात मात्र बेरकी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही असं विष तयार करतात, जे नंतर कितीही तापवलं तरी जात नाही. वासावरून ते कळेलच असं नाही. वर हिंग-कढीपत्त्याची खमंग फोडणी पडली, की नाक आणखीनच फितूर होतं.

फ्रीज नव्हता तेव्हा लोक काय करायचे, हा प्रश्न यावर हमखास येतो. एक तर बेतानंच रांधायचे. उरलेली आमटी झोपताना पुन्हा खळखळून उकळायचे. चिंच-आमसुलाची आंबट आमटी त्यातल्या त्यात तग धरायची, खोबऱ्याची तेव्हाच संपवायची. प्रवासाला दुधातल्या दशम्या आणि कोरडी चटणी. रस्सा कोणी बांधून घेत नसे. शिळासप्तमीला मात्र काही घरांत आजही चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं खातात. तेही ऐन श्रावणात, दमट हवेत! व्रत करणाऱ्यांनी करावं, पण फ्रीजमध्ये ठेवलेलं चालतं का, हे घरातल्या मोठ्यांना आधीच विचारून घ्यावं.

आणि फ्रीज म्हणजे तरी अमरपट्टा नव्हे. तीन दिवसांपूर्वीची उसळ ‘असू दे, लागेल’ म्हणून मागे सरकवायची आणि आठवड्याने नाक मुरडत टाकायची, याला काटकसर म्हणवत नाही. मी तर उरलेलं पुढच्या फळीवर, दार उघडताच दिसेल असं ठेवते.

वेळेत आत गेलेल्या भाताचं सकाळी सोनं होतं. थंड झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो, दाणे मोकळे सुटतात. ताज्या भाताला ती सर नाही, त्याचा गिचका होतो. लागेल तेवढाच बाहेर काढायचा, हाताने मोकळा करायचा, मोहरी तडतडली की कांदा, हिरवी मिरची, हळद, आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ. पुन्हा उरला तर पुन्हा फ्रीज नाही. अर्थात दाणे घातलेले असले, तर तो उरतोय कुठला!