औंढ्याचा नंदी आणि केर सर

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये नऊ वर्षं काढली, पण इथली एक गोष्ट मला अजून पचत नाही. इथं कुणाला ‘सर’ म्हणत नाहीत. डॉक्टर असो, साहेब असो, विद्यापीठातला प्राध्यापक असो, सरळ नावानं हाक.

परवा शेजारचे आजोबा कुंपणावरून लिंबं द्यायला आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, तरुणपणी इथल्याच कँटरबरी विद्यापीठात गणित शिकलेले. माझं नुकतंच वसमतला बाबांशी बोलणं झालं होतं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी (आकाशातल्या प्रचंड टकरींनी जागेलाच उठणारे तरंग) टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे, हे मी आजोबांना कौतुकानं सांगितलं. लिंबाची पिशवी हातातच धरून ते म्हणाले, “म्हणजे रॉयची कृष्णविवरं तुमच्या गावाला ऐकू येणार!”

कोण रॉय? तर रॉय केर. आजोबांचे गणिताचे प्राध्यापक. फिरणाऱ्या कृष्णविवरांचं, म्हणजे ज्यांच्यातून प्रकाशही सुटत नाही त्यांचं, गणित मांडणारे.

मला खरंच राग आला. आमच्या शाळेतले गणिताचे गुरुजी निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी बाजारात दिसले की मी आधी चप्पल काढते आणि मग वाकते. माझा भाऊ आज अधिकारी आहे, तोही गुरुजींसमोर खुर्चीवर बसत नाही. आम्ही गुरुजींना घाबरायचो म्हणून हे करतो, असं इथल्या लोकांना वाटतं. घाबरायचो, हे खरं आहे. पण ज्यानं आपल्याला समीकरण सोडवायला शिकवलं त्याचं नाव उच्चारताना जीभ जरा अडखळावी, यात मला गुलामी दिसत नाही. आणि हे तर केर! बीएस्सीला आम्ही ते नाव फळ्यावर पाहिलं होतं. तो माणूस याच गावात शिकवत होता, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नाही. रग्बीच्या रिची मॅकॉचं नाव मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मग रात्री मुलं झोपल्यावर वाचत बसले. केर सरांचा (मी सरच म्हणणार) जन्म १९३४ चा, कुरोवचा. वायटाकी नदीकाठचं हे एवढंसं गाव, आपल्याकडं वाडी म्हणतील. कँटरबरीत शिक्षण, पुढं केंब्रिजला डॉक्टरेट, तिथून अमेरिका. आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं १९१५ ची. श्वार्झशिल्डचं त्यांवरचं उत्तर १९१६ मध्ये छापून आलं, पण ते स्थिर, न फिरणाऱ्या गोलाचं. आकाशात न फिरणारं आहे काय? फिरणाऱ्या वस्तूचं नेमकं उत्तर पुढची ४७ वर्षं भल्याभल्यांना सापडलं नाही. ते १९६३ मध्ये टेक्सासात, ऑस्टिनला, एकोणतीस वर्षांच्या केर सरांना सापडलं. विभागातले वरिष्ठ आल्फ्रेड शिल्ड शेजारी पाइप ओढत बसले होते आणि केर सर सिगारेटींवर सिगारेटी ओढत आकडेमोड करत होते. शेवटी मान वर करून त्यांनी एवढंच सांगितलं, की हे फिरतंय. छापलेला लेख जेमतेम दोन पानांचा.

त्याच डिसेंबरात डॅलसच्या परिषदेत त्यांना दहा मिनिटं मिळाली. खगोलशास्त्रज्ञ क्वेसारची, म्हणजे फार दूरच्या लखलखीत खगोलांची, चर्चा ऐकायला आलेले, केर सर उभे राहिले तसे काही उठून गेले, काही पेंगले, काही गप्पा मारत बसले. शेवटी पापापेत्रू नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ उठले आणि त्यांनी सभेला खडसावलं, की असं उत्तर शोधण्यात माझी तीस वर्षं गेली, जरा ऐका.

इथं मला आजीच ऐकू यायला लागली. नामदेव महाराज औंढ्याला नागनाथासमोर कीर्तन करायला लागले, पुजाऱ्यांनी त्यांना उठवून मागं बसवलं, आणि देऊळच फिरून त्यांच्या बाजूला झालं. नंदी मात्र होता तिथंच राहिला, म्हणून आजही तो देवळाच्या मागं आहे. आमच्याकडं ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ असते.

केर सरांच्या गणितातही फिरणारं कृष्णविवर एकटं फिरत नाही, भोवतालची जागा सोबत ओढतं. आजी ताक करायची तेव्हा रवीजवळचा फेस गरगरायचा आणि डेऱ्याच्या कडेचा जेमतेम हलायचा, तसं. फक्त कृष्णविवराच्या अगदी जवळ एक पट्टा असा आहे की तिथं कितीही जोर लावला तरी काहीच जागेवर थांबू शकत नाही. आणि हे सगळं वर्णन करायला दोनच आकडे पुरतात, वस्तुमान किती आणि फिरण्याचा जोर किती. आपले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर म्हणाले होते, की पंचेचाळीस वर्षांच्या संशोधनात मला सर्वांत हादरवून गेलेली गोष्ट हीच, की विश्वातल्या अगणित कृष्णविवरांचं नेमकं रूप या एका उत्तरात आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर अमेरिकेतल्या लायगोनं पकडली. एक सूर्याच्या ३६ पट वस्तुमानाचं, दुसरं २९ पट, मिळून झालं ६२ पट. उरलेले तीन सूर्य लहरींत गेले. आणि जे नवं कृष्णविवर झालं ते फिरणारं होतं, केर सरांच्या हिशेबाला जुळणारं.

हे वाचताना एका सालावर अडकले. १९७१. जगात नाव झालेलं असताना हा माणूस सदतिशीच्या आसपास अमेरिका सोडून परत आला, इथंच, आणि १९९३ ला निवृत्त होईपर्यंत इथंच शिकवत राहिला. मी एक्केचाळीसची आहे. मी इथल्या डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासते. वसमतला माझ्यासाठी काय होतं? त्यांना परतायला विद्यापीठ होतं, मला हळदीचा मोंढा. घराचं कर्ज, आईची औषधं इथल्याच पगारातून भागली, हे मला कुणी विचारलेलं नसताना मी स्वतःलाच सांगत बसले. मग आठवले आपले भौतिकशास्त्रज्ञ विश्वेश्वरा. कृष्णविवराला धक्का बसला की ते घंटेसारखं झणाणून कसं शांत होतं, हे १९७० मध्ये त्यांनीच दाखवलं. तेही अमेरिकेतून बंगळूरला परतलेच की. मग लॅपटॉप मिटला.

पण दुधाळ्याचं मी बोलणारच. लॅबमधल्या एकीनं विचारलं, दुष्काळी भागात २,६०० कोटींचं हे यंत्र कशाला? एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली तेव्हा आमच्या नातेवाइकांनीही तेच विचारलं होतं. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनहून, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणाहून, हजारो पट बारीक फरक पडला तरी कळायला हवा. अशी शांत जमीन शोधत शास्त्रज्ञ आमच्याकडं आले. आमच्या मातीला दुष्काळाशिवाय दुसऱ्या कशासाठी कुणी निवडलं, याचा मला अभिमान वाटतो, आणि त्यासाठी मी कुणाची माफी मागणार नाही.

काल आजोबांना नामदेवांची गोष्ट सांगितली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, लिंबाच्या कागदी पिशवीवर देवळाचा गोल काढला, भोवती त्या थांबू न देणाऱ्या पट्ट्याची एक फुगीर रेघ, आणि रेघेबाहेर एक ठिपका. “बैल इतका लांब असेल तर तो जागेवर राहू शकतो. किती लांब आहे?”

पिशवीचा फोटो बाबांना पाठवला. बाबा निवृत्त शिक्षक. लगेच उत्तर आलं, “सोमवारी औंढ्याला जातोच आहे. पावलं मोजून सांगतो. सरांना नमस्कार सांग.”