साहेब कॅम्पला गेलेत

इटलीत कियांतीच्या डोंगरात व्हेस्पा स्कूटर चालवून आले म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न येतो, "काय गो, खर्च किती झाला?" मी खर्च फेऱ्यांत सांगते. तिकडे गाडी चालवायच्या परवान्यासाठी ६ फेऱ्या. आमच्या गावापासून जिल्ह्याचं परिवहन कार्यालय ६० किलोमीटर. येऊन-जाऊन सगळे मिळून ७२० किलोमीटर झाले, तेही एसटीने, ऑगस्टच्या पावसात. आणि तिकडे व्हेस्पावर फिरले किती, तर जेमतेम ४०.

मी घरगुती खानावळ चालवते. कल्पना नणंदेची, ती डोंबिवलीला असते. तिने मोबाइलवर दाखवलं: फ्लॉरेन्सहून गाडीने मळ्यावर नेतात, प्रत्येकाला एक व्हेस्पा देतात, पुढे गाइड आणि मागे आपण सात-आठ जण, मध्ये जेवण, शेवटी वाइन चाखायची. "वैनी, तू तर चेतक चालवायचीस!" झालं, तिथेच मी फसले. बाबांच्या बजाज चेतकवर मी शिकले, त्याच चेतकवर २००६ साली आठचा आकडा काढून लायसन मिळवलं, तेही गिअरवालं. त्या दिवशी मैदानात मी एकटीच मुलगी होते. बजाजने साठच्या दशकात पियाज्यो या इटालियन कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पाच बनवली होती, चेतक तिच्याच घराण्यातली. तेव्हा आपल्याला काय अवघड, असं वाटलं.

व्हिसा मिळाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुंबईची एक खेप, बोटांचे ठसे, ९० युरो फी, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, आणि जुलैअखेर पासपोर्ट घरपोच. विमान २० सप्टेंबरचं. त्याआधी निघणं शक्यच नव्हतं, २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि आमच्या घरी अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असतो.

टूरवाल्यांच्या मेलमध्ये एक ओळ होती. भारतीय लायसनसोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा, त्यात दुचाकीचा वर्ग हवा, नाहीतर मागे बसून यावं लागेल. मागे बसून! पाहुण्यांचे मासे आणायला रोज सकाळी स्कूटरवरून बंदरावर जाणारी मी, इटलीत कुणाच्या पाठीला धरून बसणार?

हा परवाना म्हणजे १९४९ च्या जिनिव्हा करारातला कागद. आपलं लायसन ज्या कार्यालयाच्या हद्दीत तिथेच मिळतो. फॉर्म ४-अ, डॉक्टरांचा तब्येतीचा १-अ दाखला, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, फोटो, १,००० रुपये फी. सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, मग कागद दाखवायला जायचं. एका फेरीचं काम आहे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी एकाकडेही लॅमिनेट केलेलं जुनं लायसन नव्हतं.

पोर्टलवर माझा नंबर टाकला की नोंद सापडत नाही असं यायचं. तिरक्या रेघा काढून टाकल्या, सालाचे चारही आकडे लिहिले, मध्ये शून्यं भरली. मुलाने अठरा प्रकारे टाकून बघितलं आणि म्हणाला, "आई, तू नाहीसच." पोर्टलच्या हिशेबाने मी १९ वर्षं विनालायसन गाडी चालवत होते.

पहिली फेरी एवढं कळण्यासाठीच झाली की याला 'बॅकलॉग' म्हणतात. कागदी लायसनची माहिती जुन्या रजिस्टरवरून कारकुनाने संगणकात भरायची, वर दोघांनी ती तपासून मंजूर करायची, मग आपण पोर्टलवर जन्माला येतो. खिडकीतला माणूस चांगलं बोलला, पण रजिस्टर मागच्या खोलीत होतं आणि खोलीची चावी ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. साडेतीनपर्यंत थांबले, मग शेवटची थेट एसटी चुकेल म्हणून निघाले.

दुसऱ्या फेरीत रजिस्टर सापडलं. आमच्याकडच्या दमट हवेत कागदाचं काय होतं ते कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. पानं एकमेकांना पापडासारखी चिकटलेली. कारकून पट्टीच्या कडेने एकेक सोडवत होते आणि मी देवाचं नाव घेत होते. माझ्या पानावर अर्धं पिवळं वर्तुळ उमटलं होतं, पण नंबर, तारीख आणि वाहनाचा वर्ग वाचता येत होता. जन्मतारीख गेली होती, ती माझ्या कागदावरून घेतली. म्हणून सांगते, जुनं लायसन कितीही फाटलं असलं तरी टाकू नका. त्या दिवशी माझा तो मळका तुकडा त्यांच्या रजिस्टरपेक्षा धडधाकट निघाला. पण नोंद भरणाऱ्या बाई रजेवर होत्या.

बाहेर ताडपत्रीखाली बसलेल्या एजंटने पाच हजार सांगितले. दिले नाहीत. तत्त्व वगैरे काही नव्हतं, मला राग आला होता. पाच हजार कमवायला किती ताटं वाढावी लागतात ते मला ठाऊक आहे. त्याने मात्र न मागता एक गोष्ट सांगितली: "ताई, अकराच्या आत या आणि आधी विचारा, मंजुरीवाले साहेब आहेत का. बाकी सगळं नंतर." हा सल्ला मी पुढच्या वेळी विसरले.

तिसऱ्या फेरीला पहाटे पावणेसहाची गाडी पकडली. बाई आल्या होत्या, त्यांनी दहा मिनिटांत नोंद भरली. मी म्हटलं, आता मंजुरी. त्या म्हणाल्या, "साहेब कॅम्पला गेलेत." म्हणजे तालुक्याच्या गावी जाऊन तिथे कामं करायला. कुठे? त्यांनी कॅलेंडरकडे बघून आमच्या तालुक्याचं नाव घेतलं. आमच्या विश्रामगृहात! माझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटं. म्हणजे मी पहाटे अंधारात त्यांना शोधायला निघाले आणि साहेब मला ओलांडून माझ्याच दारात जाऊन बसले. घाटात कुठेतरी आमच्या गाड्या समोरासमोर गेल्या असणार. मी तिथल्या बाकावर बसून हसले, मग पुढच्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं. शेजारचे काका, ट्रॅक्टरच्या पासिंगला आलेले, त्यांनी खिशातून शेंगदाणे काढून दिले.

नवऱ्याला फोन केला, "जरा विश्रामगृहावर जा, साहेबांना सांग." तो गेला. साहेब म्हणाले, मंजुरी कार्यालयातल्या लॉगिनवरूनच होते, इथे फक्त शिकाऊ लायसन आणि नूतनीकरण. तेही खरंच होतं. चूक कुणाची, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

चौथ्या फेरीत साहेब होते, सर्व्हर नव्हता. सकाळी दहापासून ते पांढरं गोल चक्र फिरत होतं. संध्याकाळी पाच चाळीसला मंजुरी आली, शेवटची गाडी गेलेली, रात्री मावशीकडे राहिले. पोर्टलवर माझं नाव दिसलं तेव्हा मावशीने गूळ हातावर ठेवला. मग नीट वाचलं. माझंच नाव होतं, पण माहेरचं. पासपोर्टवर सासरचं.

लग्नाआधी लायसन काढलेल्या बायकांनो, हे आधी बघा, बाकीचं सगळं सोडा. परवाना लायसनवरच्या नावानेच छापला जातो आणि तो पासपोर्टशी जुळायला हवा. नाव बदलायला विवाह नोंदणी दाखला पुरतो असं एका टेबलावर म्हणाले, राजपत्र आणा असं दुसऱ्या. पाचव्या फेरीला मी दाखला, पासपोर्ट, आधार, प्रतिज्ञापत्र आणि लग्नाची पत्रिकासुद्धा नेली. पत्रिका कुणी बघितली नाही. दाखला पुरला.

सहावी फेरी सोमवारी २५ ऑगस्टला, चतुर्थीच्या दोन दिवस आधी. अर्धं कार्यालय गावी गेलेलं, एसटीत माटवीचं, म्हणजे गणपतीवरच्या आराशीचं, सामान आणि चाकरमान्यांच्या बॅगा, उभं राहायला जागा नाही. परवाना अर्ध्या तासात हातात आला. दुचाकीचा वर्ग होता. खानावळीतल्या पाहुण्यांसाठी घेतलेले पेढे मी तिथेच वाटले. त्या नोंदवाल्या बाईंनी दोन घेतले.

आता व्हेस्पाचं. फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधला हा मुलूख. अंगणात गाइडने माझा परवाना उघडला, चार सेकंद बघितला आणि परत दिला. चार सेकंद! नंतर कळलं की अपघात झाला तर विमा या कागदावरच अवलंबून असतो, म्हणून तेवढं तरी बघतात. आणि मूळ लायसन बरोबर हवंच, नुसता परवाना चालत नाही. मग त्याने प्रत्येकाला सरळ जाऊन वळून दाखवायला सांगितलं. मी सवयीने आठचा आकडा काढला. तो टाळ्या वाजवायला लागला, नणंद ओरडली, "पास!" तिच्याकडे फक्त चारचाकीचं लायसन, ती गाइडच्या मागे बसली आणि दिवसभर फोटो काढत राहिली. खरं सांगायचं तर तिची मजा जास्त झाली.

गाडी १२५ सीसीची, गिअर नाही, डाव्या हातात मागचा ब्रेक. आपल्याला सोपी. अवघड गेलं ते उजवीकडून चालवणं. सरळ रस्त्यावर काही नाही, पण वळून रिकाम्या रस्त्याला लागलं की हात आपोआप डावीकडे जातो. मी मनात "भिंतीकडे, भिंतीकडे" म्हणत होते. काही वाटा पांढऱ्या खडीच्या, तिथे पुढचा ब्रेक दाबायचा नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी, मध्ये सुरू. तिथल्या आणि आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचं नाव एक, झाडं वेगळी. सप्टेंबरअखेर द्राक्षतोडणी चालू होती, आणि मळ्यातल्या बायकांनी आपल्या काजू वेचणाऱ्या बायकांसारखेच डोक्याला रुमाल बांधले होते.

तिथल्या वाइनच्या बाटल्यांवर काळा कोंबडा. गोष्ट अशी सांगतात: फ्लॉरेन्स आणि सिएनाची हद्द ठरवायला दोन्ही शहरांतून पहाटे कोंबडा आरवला की एकेक घोडेस्वार निघणार. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊन-पिऊन पोसला, फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा उपाशी ठेवला. उपाशी कोंबडा अंधारातच आरवला, त्यांचा स्वार लवकर निघाला आणि जवळजवळ सगळी कियांती त्यांना मिळाली. मला पहाटे पावणेसहाची एसटी आठवली. मी कुठे जिंकले होते?

दंतकथा सोडा, पण कियांतीची खरी हद्द १७१६ साली तिथल्या ग्रँड ड्यूकने फर्मान काढून ठरवली. आपल्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळायला २०१८ उजाडलं. आमची कलमं चाळीसच आहेत, तरी परराज्यातला आंबा आमच्या नावाने खपताना बघून जे पोटात दुखतं ते त्या मळेवाल्याला मी खुणांनी समजावलं. त्याला कळलं. त्याने मान हलवली आणि माझ्या पेल्यात थोडी जास्त ओतली.

ती ओतली गाड्या उभ्या करून चाव्या परत दिल्यावर. आधीच्या थांब्यावर चालवणाऱ्यांना एक घोट, तोही पटला तर, नाहीतर थुंकायला भांडं ठेवलेलं. तिकडे रक्तात लिटरला अर्ध्या ग्रॅमपर्यंत मुभा आहे, लायसनला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. शेवटी चाखायचीच आहे, मध्ये हावरटपणा करू नका. तिथली वाइन सांजोवेझे नावाच्या द्राक्षाची असते, कियांती क्लासिको या तिच्या प्रकारात निदान ८० टक्के. जिभेला आधी आंबट, मग तुरट, आमसूल चोखल्यासारखी. सासूबाईंना मी द्राक्षाचं सरबत असं सांगितलंय.

जेवण मात्र मी खानावळवालीच्या नजरेने बघितलं. मेंढीच्या दुधाचं चीज, शिजवलेले पांढरे वाल, टोमॅटोत शिळा पाव घोटून केलेली दाट आमटी. शिळा पाव असा संपवायचा, हे डोक्यात ठेवलंय. पण पावात मीठच नाही! मला वाटलं स्वयंपाकीण विसरली, मी हळूच मीठ मागितलं. तस्कनीत, म्हणजे त्या प्रांतात, पाव अळणीच करतात, बरोबरच्या चीजला आणि मांसाला मीठ असतं म्हणून. शेवटी बदामाची कडक बिस्किटं, ती गोड वाइनमध्ये बुडवून खायची. चहात बटर बुडवतात तशी. दोघींनी मिळून बशी संपवली.

एक राहिलं. परवाना वर्षभराचा असतो, पण आपलं लायसन त्याआधी संपत असेल तर तोही तिथेच संपतो. माझं लायसन जून २०२६ पर्यंतचं. मुदतीआधी एक वर्ष नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणजे ऑगस्टमध्ये त्याच फेऱ्यांत ते होऊन गेलं असतं. कुणी बोललं नाही, मलाही सुचलं नाही. आता म्हणे ते घरबसल्या आधारवरून होतं. होत असेल. मी आमच्या तालुक्याच्या कॅम्पच्या तारखा कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवल्यात.