एक्स-कौन्सिल घर घ्यावे की नाही: लंडनमधील माझा अनुभव

लंडनमध्ये पहिले घर शोधू लागल्यावर एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. तेवढ्याच किमतीत काही घरांत एक खोली जास्त मिळते, आणि अशा घरांच्या जाहिरातीत खाली कुठेतरी ‘एक्स-लोकल ऑथॉरिटी’ असा उल्लेख असतो. ही मुळात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, बांधून भाड्याने दिलेली घरे. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने 1980 च्या हाउसिंग ॲक्टद्वारे भाडेकरूंना राहते घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला, ज्याला ‘राइट टू बाय’ म्हणतात. पुढे त्या भाडेकरूंनी किंवा त्यांच्या वारसांनी ती घरे खुल्या बाजारात विकली आणि आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आणली. माझ्या आणि नवऱ्याच्या पगारावर बँक जेवढे कर्ज द्यायला तयार होती, त्यात शेवटी दोनच पर्याय उरले आणि दोन्ही एक्स-कौन्सिल होते: पूर्व लंडनच्या एका बरोमधील, म्हणजे पालिका-विभागातील, 1970 च्या दशकातल्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि डॅगनममधील बेकनट्री वसाहतीतले ओळीतले दुमजली घर.

ओळखीच्या मराठी मंडळींना विचारले, तर जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, ‘वस्ती कशी आहे?’ प्रश्न गैर नाही, पण त्याचे उत्तर मिळवणे सर्वांत सोपे असते. इंग्लंडमधील पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागातील गुन्ह्यांचा नकाशा महिनावार पाहता येतो. शिवाय संध्याकाळी आणि शनिवारी रात्री त्या रस्त्यावर फेरी मारली, जिन्यातली स्वच्छता पाहिली, एखाद्या शेजाऱ्याशी दोन शब्द बोलले की बरेच काही कळते. खरा निर्णय ज्या गोष्टींवर ठरतो, त्या बांधकामाच्या पद्धतीत आणि कागदपत्रांत दडलेल्या असतात, आणि त्यांविषयी आम्हाला कोणीही आपणहून सांगितले नाही.

फ्लॅट पाहताक्षणी आवडला. खोल्या ऐसपैस होत्या आणि स्वयंपाकघराशेजारी सामान ठेवायला स्वतंत्र कोठी होती. याला कारण आहे. 1961 च्या पार्कर मॉरिस अहवालात घरांच्या किमान क्षेत्रफळाचे आणि साठवणीच्या जागेचे निकष सुचवले होते. 1969 पासून ते कौन्सिलच्या घरांना बंधनकारक झाले आणि 1980 मध्ये रद्द झाले. या मधल्या काळातली घरे आजच्या बऱ्याच नव्या फ्लॅटांपेक्षा मोठी वाटतात, ती त्यामुळे. बाहेरच्या लांब सज्जात उभे राहिले की कोणते घर कौन्सिलच्या भाडेकरूचे आणि कोणते विकलेले, हे दारांवरूनच समजत होते: कौन्सिलची दारे एका रंगाची, एका घडणीची, आणि मधूनमधून एखादे पितळी कडी लावलेले वेगळे दार.

फ्लॅट अर्थातच लीजहोल्ड होता. जमीन आणि इमारत कौन्सिलच्या मालकीची, आपण फक्त ठरावीक वर्षांचे धारक. राइट टू बायमध्ये फ्लॅटचे लीज सहसा 125 वर्षांचे असते, आणि त्यातील बरीच वर्षे उलटून गेलेली असतात. त्यामुळे किती उरली आहेत हे आधी पाहावे लागते, कारण ती 80 च्या खाली गेली की मुदतवाढ बरीच महाग पडते. आमच्या बाबतीत आकडा काठावर होता, पण निभावण्यासारखा होता. भूभाडे वर्षाला 10 पौंड, सर्व्हिस चार्जही खासगी इमारतींच्या तुलनेत कमी. एजंटाने हे दोन आकडे आम्हाला इतक्या वेळा ऐकवले की तिसरा आकडा विचारायचा राहून जावा, अशीच त्यांची इच्छा असावी.

तो तिसरा आकडा म्हणजे ‘मेजर वर्क्स’. छप्पर, खिडक्या, लिफ्ट, अग्निरोधक दारे अशी मोठी कामे कौन्सिलने काढली की खर्चाचा वाटा प्रत्येक लीजहोल्डरवर येतो. भाडेकरूंचा वाटा कौन्सिल उचलते, आपला आपल्यालाच भरावा लागतो. एखाद्या कामासाठी कोणाही लीजहोल्डरवर 250 पौंडांहून अधिक बोजा पडणार असेल, तर 1985 च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम 20 नुसार आधी नोटीस देऊन मते मागवावी लागतात. मते मागवतात एवढेच; लीजहोल्डरांनी नको म्हटले म्हणून काम थांबत नाही. खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या आमच्या सॉलिसिटरबाईंनी एलपीई1 हा प्रश्नसंच कौन्सिलकडे पाठवला आणि येत्या काही वर्षांत कोणती कामे योजली आहेत, कलम 20 ची नोटीस निघाली आहे का, हे लेखी मागितले. उत्तर यायला फार वेळ लागला, त्यासाठीचे शुल्क निराळे, आणि मध्यंतरी विक्रेत्याचा एजंट ‘एवढे कशाला खोलात जाता’ असे सुचवत राहिला. उत्तर आले तेव्हा त्यात छप्पर, खिडक्या आणि लिफ्ट अशी तिन्ही कामे होती आणि आमच्या वाट्याचा अंदाज तीस हजार पौंडांच्या पुढे जात होता.

अशा बिलांवर मर्यादा आहे असे आम्हाला एका परिचिताने ठामपणे सांगितले होते. ते अर्धसत्य निघाले. 2014 पासून ‘फ्लोरीज लॉ’ नावाने ओळखला जाणारा नियम आहे. त्यानुसार पाच वर्षांच्या काळात लंडनमध्ये 15,000 आणि इतरत्र 10,000 पौंडांहून जास्त वसूल करता येत नाही. मात्र कामाला केंद्र सरकारचा विशिष्ट निधी मिळालेला असेल तरच तो लागू होतो. कौन्सिल स्वतःच्या पैशातून काम करत असेल तर मर्यादा नाही. आमच्या इमारतीचे काम दुसऱ्या प्रकारातले होते.

त्यातच बँकेच्या मूल्यांकनात दुसरी अडचण निघाली. इमारत ‘लार्ज पॅनेल’ पद्धतीची, म्हणजे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जागेवर आणून जोडलेली होती. या पद्धतीची आठवण इथे रोनन पॉइंटशी जोडलेली आहे: 16 मे 1968 रोजी कॅनिंग टाऊनमधील या 22 मजली इमारतीत 18 व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम बदलले, अनेक इमारती मजबूत करण्यात आल्या, तरीही कर्ज देणाऱ्या बऱ्याच संस्था अशा बांधकामाला हात लावत नाहीत. आमच्या मॉर्गेज ब्रोकरचे म्हणणे मला पटले: आज आपल्याला कर्ज देणारी एक बँक सापडेलही, पण उद्या विकताना ग्राहकालाही अशीच बँक शोधावी लागेल, आणि किंमत तिथेच अडेल.

याच सुमारास सासऱ्यांचा फोन आला. ते विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या वसाहतीत, राहतात. ‘सूनबाई, जुनी सरकारी इमारत ना? मग उद्या रिडेव्हलपमेंट होईल, मोठी जागा मिळेल. सोडू नका,’ असे त्यांनी आग्रहाने सांगितले. मुंबईच्या हिशेबाने ते बरोबर होते, पण बाबांना लंडनचा हिशेब समजावताना माझी तारांबळ उडाली. इथे वसाहत पाडायची ठरली की लीजहोल्डरकडून घर सक्तीने घेण्याचा आदेश काढता येतो. बाजारभाव आणि त्यावर कमाल मर्यादेच्या आत 10 टक्के भरपाई मिळते, पण त्याच जागी नवे घर घेणे बहुतेकांना परवडत नाही. एलिफंट अँड कॅसलजवळच्या हेगेट वसाहतीतील कित्येक लीजहोल्डरांना त्या पैशांत जवळपास घर मिळेना, म्हणून दूर जावे लागले. शेजारच्या एल्सबरी वसाहतीतील लीजहोल्डर लढले आणि 2016 मध्ये मंत्र्यांनी असा आदेश नाकारलाही, पण ते झगडे वर्षानुवर्षे चालतात. ‘म्हणजे तिथे बिल्डर भाडेसुद्धा देत नाही?’ एवढेच बाबा म्हणाले. फ्लॅटचा विषय त्या दिवशी संपला.

बेकनट्रीचे घर मात्र फ्रीहोल्ड होते, जमिनीसकट आपले. सर्व्हिस चार्ज नाही, मेजर वर्क्स नाहीत. छप्पर गळले तर खर्च आपला, पण तो केव्हा आणि कोणाकडून करायचा हेही आपणच ठरवायचे. लंडन काउंटी कौन्सिलने 1921 ते 1935 या काळात शेतजमिनीवर वसवलेली ही वसाहत पंचवीस हजारांहून अधिक घरांची आहे. ईस्ट एंडच्या दाटीतून आलेल्या कामगारांना इथे घरातच शौचालय, वीज आणि मागेपुढे बाग मिळाली. त्या बदल्यात पुढची बाग नीटनेटकी ठेवणे हा भाडेकराराचा भाग होता. प्रिव्हेट या झुडपाची कापीव कुंपणे काही घरांपुढे अजून आहेत. बाकीच्यांनी तिथे फरशी घालून गाडी लावली आहे.

घर विटांचे होते, त्यामुळे बँकेने काही शंका काढली नाही. तरीही आम्ही सविस्तर, म्हणजे लेव्हल 3 चा, सर्व्हे करून घेतला आणि त्याचे शुल्क वसूल झाले. बैठकीच्या खोलीत जागा वाढवण्यासाठी पूर्वीच्या मालकाने धुराड्याचा पुढे आलेला विटांचा भाग काढून टाकला होता, आणि पोटमाळ्यावर धुराड्याच्या उरलेल्या भागाला सर्व्हेअरला पुरेसा आधार दिसला नाही. त्यांनी काढलेल्या फोटोत विटांच्या खाली लाकडाची एक फळी आणि तिला मारलेले दोन खिळे होते. या कामाला कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचे, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाचे, प्रमाणपत्र नव्हते. विक्रेत्याने इंडेम्निटी विमा देऊ केला. इथे सॉलिसिटरबाईंनी बजावले की आम्ही चौकशीसाठी बिल्डिंग कंट्रोलला फोन केला, तर कौन्सिलला हे काम कळेल आणि तो विमा मिळणार नाही. मला तो प्रस्तावच निरर्थक वाटला: कौन्सिलने कारवाई केली तर विमा पैसे देईल, विटा काही तो धरून ठेवणार नाही. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पोलादी तुळईचा अंदाज मागवला, तो विक्रेत्यापुढे ठेवला आणि रक्कम किमतीतून वजा करून घेतली. व्यवहार चार लाख पौंडांवर ठरला. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना 3 लाखांपर्यंत स्टॅम्प ड्युटी नसल्याने कर 5,000 पौंड बसला.

शेवटची गोष्ट राइट टू बायच्या मूळ विक्रीपत्रात सापडली. घर कौन्सिलने विकले तेव्हा तिने दोन अटी त्याच्याशी कायमच्या जोडल्या होत्या. शेजाऱ्यांना कचऱ्याचे डबे न्यायला आमच्या बागेमागच्या वाटेने जाऊ द्यायचे, आणि मागे खोली वाढवायची असेल तर नियोजन विभागाच्या परवानगीखेरीज मूळ मालक म्हणून कौन्सिलची संमती वेगळी घ्यायची. पहिली अट ऐकून नवरा थोडा कुरकुरला. दुसरीसाठी लागणारा अर्ज आणि त्याचे शुल्क आम्ही आताच भरून ठेवले आहे. तुळई बसून बिल्डिंग कंट्रोलचे प्रमाणपत्र हातात आले की खोलीचे नकाशे कौन्सिलला सादर करू.