सेंट जेम्स द लेस, १:१०० : छप्पर तिसऱ्यांदा कापलं

फिलाडेल्फियातल्या या चर्चचं कार्डाचं छोटं मॉडेल करतोय, खऱ्याच्या शंभराव्या भागाएवढं. मागच्या वेळी भिंती उभ्या झाल्या होत्या. त्यानंतर तीन रविवार छपरातच गेले. चूक माझीच. चर्च म्हटलं की मधलं दालन उंच, बाजूच्या पडव्या बुटक्या आणि दोन छपरांच्या मधे खिडक्यांची ओळ, असं डोक्यात पक्कं बसलेलं. त्याच सवयीने दोन मिमी माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा) कापून टाकला. चिकटवल्यावर फोटो शेजारी धरला, तेव्हा कळलं की इथे वरची खिडक्यांची ओळ नाहीच. छप्पर सरळ खाली, पडव्यांवर येऊन टेकतं. भिंती ठेंगण्या, उतार तीव्र. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे आपल्या गावच्या घरासारखंच की रे, वाकून आत शिरायचं." एका वाक्यात काम झालं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: हे फिलाडेल्फियातलं एपिस्कोपल पंथाचं चर्च. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, मंडळींनी उभा केलेला हा पंथ. रॉबर्ट राल्स्टन नावाच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने १८४६ ते १८४८ मध्ये बांधलं. गंमत अशी की त्याचा मूळ आराखडा कुणी नव्याने काढलेलाच नव्हता. इंग्लंडमध्ये जुन्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या, चर्चचा अभ्यास करणाऱ्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीकडून लाँगस्टँटन गावच्या सेंट मायकेल्स या तेराव्या शतकातल्या चर्चचे मोजमाप घेतलेले नकाशे आले, जी. जी. प्लेस यांनी काढलेले. त्यावरून जॉन कार्व्हर या तिथल्याच वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली काम झालं. थोडक्यात, मी नकलेची नक्कल करतोय!

छपराचं कोडंही इथेच सुटतं. लाँगस्टँटनच्या मधल्या दालनावर आजही गवताचं शाकारलेलं छप्पर आहे. शाकारलेल्या छपराला उतार कमी ठेवला तर पाणी मुरतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. फिलाडेल्फियात गवत नाही, उतार मात्र तसाच राहिला. नक्कल करणाऱ्यांनी तो उतारही सोडला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

पश्चिम भिंतीच्या टोकावरची घंटांची कमान अजून हातात येत नाहीये. बाल्साचे (हलक्या मऊ लाकडाचे) दोन तुकडे मोडले, एक पंख्याच्या वाऱ्याने उडून कपाटाखाली गेला. आता दीड मिमीच्या कार्डाचे तीन थर एकावर एक चिकटवून, वाळल्यावर कापून बघणार आहे. फेविकॉल पातळ लावा, नाहीतर कार्ड फुगतं आणि कमानीचं टोक बोथट होतं.

चर्चच्या आवारात वॉनामेकर या तिथल्या व्यापारी घराण्याचा स्मारक-मनोराही आहे, १९०८ चा. तो करणार नाही. ठेंगण्या चर्चशेजारी तो सगळी नजर स्वतःकडे ओढून घेतो.

मुंबईकरांनी मात्र एकदा कुलाब्याचं अफगाण चर्च या नजरेने बघून यावं. १८५८ साली अभिषेक झालेलं, जुनी गॉथिक शैली परत आणणाऱ्या त्याच चळवळीतलं. आतल्या लाद्या आणि भाग वेगळे करणारे जाळीदार आडपडदे विल्यम बटरफिल्ड या इंग्लिश वास्तुविशारदाच्या आराखड्यांवरून केलेले. मी पुढच्या शनिवारी वही घेऊन जातोय. त्याआधी पूर्वेकडचा वेदीचा भाग चिकटवायचाय. त्याचं छप्पर मधल्या दालनापेक्षा खाली येतं, ते या वेळी आधीच मोजून ठेवलंय.