रात्री काय भिजतंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘एवढ्याशा पगारात रोज घरचं, पोटभर आणि चवीचं जेवण कसं जमवता?’ असं मला नेहमी कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणाऱ्याला बहुतेक एखादी पाककृती हवी असते. ती माझ्याकडे नाही. माझ्याकडे एक भांडं आहे, त्यात रात्री काहीतरी भिजत असतं.

कारण पैसा जातो तो संध्याकाळी. दमून घरी यावं तर डब्यांत सामान सगळं, पण शिजलेलं काही नाही. पोरं भुकेली. मग पाय आपोआप बाहेरच्या तयार खाण्याकडे वळतात. मी बरेच दिवस स्वतःला उधळ्या म्हणत राहिलो. पण ती उधळपट्टी नव्हती, थकवा होता. तेव्हापासून निजायच्या आधी कडधान्य पाण्यात टाकतो.

वाटीभर सुकं कडधान्य शिजून अडीच-तीन वाट्या होतं. 8 ते 12 तास भिजलं की गॅसही कमी लागतो. शिजलं का हे नुसत्या शिट्ट्या मोजून ठरवू नका. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. गर लोण्यासारखा पसरला तर झालं, मध्ये कणी लागली तर आणखी 10 मिनिटं.

एकदा हौसेनं चण्यांत सुरुवातीलाच टोमॅटो चिरून घातले. दोन तास गॅस जळला, चणे गोट्यांसारखेच. आंबटामुळे दाणा लवकर मऊ होत नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! आता चिंच, लिंबू, टोमॅटो, जे काय असेल ते दाणा शिजल्यावरच. जड पाण्यातही कडधान्य असंच अडून बसतं, तिथं चिमूटभर खायचा सोडा घालावा. चिमूटच, नाहीतर लगदा होतो. राजम्याशी मात्र खेळ नको. भिजवलेलं पाणी ओतून टाकायचं आणि नव्या पाण्यात तो चांगला अर्धा तास खळखळ उकळायचा. त्यात मुळातच एक विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर जात नाही आणि रात्र उलट्यांत जाते.

चवीचं म्हणाल तर ती कांद्यात आहे. भाजी कुठलीही असो, कांदा मंद आचेवर 15-20 मिनिटं परता, कडांना तपकिरी रंग येईपर्यंत. खाली लागायला लागला की चमचाभर पाणी टाकून खरवडा. ते खरवडलेलंच खरं. गॅसची काटकसर करणारा मी, पण इथं करत नाही. तो गॅस भातावर वाचवतो: पाणी बेताचं घालून भात 5 मिनिटं उकळला की झाकण घट्ट लावून भांडं जाड ब्लँकेटात गुंडाळायचं. पाऊण तासात आपोआप शिजतो.

भात आणि डाळ एकमेकांची प्रथिनं भरून काढतात, वर लिंबू पिळलं तर डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको.

‘मोठं पोतं घ्या, स्वस्त पडतं’ हा सल्ला ऐकला की मला राग येतो. पडतं स्वस्त, पण त्यासाठी पैसे एकरकमी हातात लागतात, आणि तेच तर नसतात. मी महिन्याला एकच जिन्नस जास्तीचा घेतो. या महिन्यात मसूर, पुढच्या महिन्यात तेल.

पुढचा प्रश्न ठरलेला: मुलं कंटाळत नाहीत का? कंटाळतात. परवा धाकटीनं भांड्यावरचं झाकण उचललं, मसूर पाहिली, झाकण परत ठेवलं आणि म्हणाली, “बाबा, मग वर एक अंडं तरी फोडा.” फोडलं.